झाकण उघडू नये



वार्तापत्राच्या प्रत्येक अंकात मुख्याध्यापिकेने शाळेच्या प्रगतीचा आढावा घ्यावा, अशी आपल्याकडे प्रथा आहे. निकाल, स्पर्धा, स्नेहसंमेलन हे सर्व पुढील पानांवर आहेच. या पानावर मात्र मी माझ्या हातून झालेली एक चूक लिहिणार आहे. आठवीच्या वर्गाला ती ठाऊक आहे, म्हणजे ती घरोघरी पोहोचलेलीच असणार. तेव्हा ती माझ्याकडूनही ऐकावी.

गोष्ट लावा पक्ष्याच्या अंड्यांची आहे. तित्तर, लावा, रानकोंबडा हे सगळे जमिनीवर राहणारे आणि जमिनीवरच घरटे करणारे पक्षी. माणसाने त्यांची फार शिकार केली. म्हणून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातल्या या पक्ष्यांना आणि त्यांच्या अंड्यांना संरक्षण दिले आहे. आपण आणली ती अंडी रानातली नव्हती. जपानी लावा हा पाळीव पक्षी आहे. १९७४ साली तो उत्तर प्रदेशात बरेलीजवळ इज्जतनगर येथे आणला गेला आणि तिथून त्याचे पालन देशभर पसरले. पालघर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने आपल्या आठवीच्या वर्गासाठी २४ अंडी दिली. एकेक अंडे जेमतेम १० ते १२ ग्रॅमचे, म्हणजे कोंबडीच्या अंड्याच्या पाचव्या हिश्श्याएवढे. कवचावर शाई शिंपडल्यासारखे तपकिरी डाग.

मी मूळची इंदूरची. घरात मराठी, पण शाळा-कॉलेज सगळे हिंदी माध्यमातून, विज्ञानाची पदवीसुद्धा. इतकी वर्षे सिल्वासात मराठी शाळेत काढूनही घाईत तोंडून हिंदीच येते. पहिल्याच दिवशी मी फळ्यावर मथळा लिहिला, ‘अंडी सेण्याची पेटी’. हिंदीत कोंबडी अंडी ‘सेती’ है. वर्गात खसखस पिकली. मागच्या बाकावरून कोणी तरी म्हणाले, ‘बाई, शेणाची पेटी कशाला?’ तेव्हा दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली आणि गंभीरपणे म्हणाली, ‘मोठ्या बाई, उबवायची पेटी म्हणा.’ मी पुसून तसे लिहिले. या मुलीचे नाव मी येथे देत नाही, पण तिला लक्षात ठेवा.

पेटी विज्ञानाच्या सरांनी मुलांना हाताशी धरून तयार केली. थर्माकोलचा मोठा खोका, दोन दिवे, ठरावीक तापमानाला दिवे बंद-चालू करणारा थर्मोस्टॅट, जुन्या संगणकातला छोटा पंखा, पाण्याची ताटली आणि झाकणाला काचेची खिडकी. तापमान ३७.५ अंश सेल्सिअस राखायचे, म्हणजे आपल्या अंगापेक्षा किंचितच अधिक. हवेतील आर्द्रता पहिले चौदा दिवस ५० ते ६० टक्के आणि शेवटचे तीन-चार दिवस ७० टक्क्यांच्या आसपास. अंड्याच्या एका बाजूस पेन्सिलीने फुली, दुसऱ्या बाजूस गोल. दिवसातून तीनदा अंडी फिरवायची, नाही तर आतला गर्भ कवचाच्या पडद्याला चिकटतो. तीनच वेळा का, असे एकाने विचारले. विषम संख्या घेतली की रात्रभर वर राहणारी बाजू रोज बदलते. चौदाव्या दिवसानंतर फिरवणे थांबवायचे, कारण पिल्लू तोवर बाहेर पडण्याच्या बेताने अंग वळवू लागलेले असते.

येथवर सर्व ठीक होते. मग मला एक कल्पना सुचली आणि तिथेच घोटाळा झाला. वर्गात २४ मुले, अंडी २४. मी प्रत्येक अंडे एकेका मुलाच्या नावे केले. पुठ्ठ्याचे २४ कप्पे केले आणि प्रत्येक कप्प्यावर एकेक हजेरी क्रमांक लिहिला. मुलांना आपलेपणा वाटेल, जबाबदारी कळेल, असा माझा हेतू. रविवारीसुद्धा मुले आपापले अंडे फिरवायला येत. पालकांनीही कौतुक केले. एका वडिलांनी गमतीने विचारले, ‘मॅडम, आमच्या मुलाचा नंबर पहिला येईल ना?’ मीही हसले.

जानेवारीचा महिना होता. सतराव्या दिवशी सकाळी पहिले पिल्लू बाहेर आले. अंगठ्याच्या पेराएवढे, ओले, धडपडत उभे राहणारे. ज्याचे होते तो मुलगा वर्गभर नाचला. मग दुपारी दोन, संध्याकाळी तीन, दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी काही. प्रत्येक पिल्लू बाहेर आले की त्याच्या मालकाला ते जवळून पाहायचे असे, आणि प्रत्येक वेळी आम्ही झाकण उघडत होतो. बाहेर कोरडी, थंड हवा. आर्द्रतेचा काटा दर वेळी झपकन खाली यायचा. मला तो दिसत होता. पण मुलांच्या आनंदापुढे मी त्याकडे कानाडोळा केला.

अठराव्या दिवशी दुपारपर्यंत १३ पिल्ले आली. ‘उबवायची पेटी’ हा शब्द मला देणाऱ्या मुलीच्या अंड्याला सकाळी बारीक तडा गेला होता. आतून चोच दिसत होती, हलत होती. पण तास गेले तरी पुढे काही होईना. तिच्या मैत्रिणींची पिल्ले केव्हाच बाहेर आली होती. ती काचेला नाक लावून उभी. शाळा सुटायची वेळ झाली. तिचे वडील फाटकाशी येऊन थांबले होते. ती काही बोलली नाही, पण तिचा चेहरा मला पाहवेना. मी म्हटले, थांब, आपण त्याला जरा मदत करू.

मी चिमटा घेतला आणि तड्यापासून कवचाचे तुकडे काढू लागले. आतला पडदा वाळून कागदासारखा पिल्लाच्या अंगाला चिकटला होता. मी तो ओढला. टाचणीच्या डोक्याएवढा रक्ताचा थेंब आला. मग दुसरा. पिल्लू बाहेर आले, पण त्याच्या पोटाशी बलकाचा पिवळा गोळा अजून बाहेरच होता. तासाभरात ते गेले.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीने मला व्हरांड्यात गाठले. रडत नव्हती. तिने एवढेच विचारले, ‘मोठ्या बाई, ते उशिरा आलं असतं तर चाललं नसतं का?’

माझ्याकडे उत्तर नव्हते. विज्ञानाची पदवी घेऊन ३५ वर्षे झालेली बाई, आणि जे आधी वाचायला हवे होते ते मी त्या आठवड्यात वाचायला बसले. ते थोडक्यात सांगते, कारण मुलांच्या वहीत हे नीट उतरलेले असावे.

अंड्याच्या रुंद टोकाला हवेचा एक कप्पा असतो. बाहेर यायच्या आदल्या दिवशी पिल्लू आधी त्या कप्प्यात चोच खुपसते आणि आयुष्यात प्रथमच फुप्फुसाने श्वास घेते. तोवर त्याचा श्वास कवचाच्या आतल्या पडद्यातील रक्तवाहिन्यांमधून चालतो. चोचीच्या टोकावर एक कठीण दाणा असतो. त्याने ते कवचाला टोचा मारते. मग पुष्कळ वेळ काहीच घडत नाही असे आपल्याला वाटते. आत मात्र दोन कामे चाललेली असतात. पडद्यातले रक्त पिल्लाच्या शरीरात परत येत असते आणि उरलेला बलक नाळेवाटे पोटात ओढला जात असतो. हा बलक म्हणजे त्याची पहिल्या एक-दोन दिवसांची शिदोरी. ही कामे संपली की ते गोल फिरत कवच कापते आणि टोपण उघडल्यासारखे बाहेर येते. आपण ज्याला आळस समजतो ते कामच असते. मी त्या कामाच्या मधोमध चिमटा घातला.

पण माझी खरी चूक चिमट्याच्याही आधीची होती, हे मला एका शास्त्रज्ञ बाईंच्या कामातून कळले. केंब्रिज येथे मार्गारेट व्हिन्स यांनी १९६० च्या दशकात लाव्यांच्या अंड्यांवर प्रयोग केले. त्यांना आढळले की अंडी एकमेकांना टेकून ठेवली तर सारी पिल्ले थोड्याच अवधीत, जवळजवळ एकदम बाहेर येतात. अंडी वेगवेगळी ठेवली तर तोच कार्यक्रम बराच लांबतो. याचे कारण मोठे गमतीचे आहे. टोचा मारायच्या सुमारास पिल्ले आतून टिकटिक असा आवाज करतात. शेजारच्या अंड्याला तो ऐकू जातो, त्याची थरथरही पोहोचते. जे मागे आहे ते वेग घेते. जे फार पुढे आहे ते काही वेळा थोडे थांबतेसुद्धा. रानात याची गरज असते. जमिनीवरच्या घरट्यात कोल्हा, मुंगूस, साप यांचे भय. पिल्ले वाळली की आई त्या सर्वांना घेऊन लगेच निघते. मागे राहिलेल्यासाठी ती बसून राहू शकत नाही. म्हणून ती पिल्ले कवचातूनच एकमेकांना हाक देतात.

आणि मी काय केले होते? प्रत्येकाला वेगळा कप्पा दिला होता. वर क्रमांक लिहिला होता. मग कोण पहिले आणि कोण शेवटचे, हे आम्ही झाकण उघडून उघडून पाहत बसलो. उशिरा येणाऱ्यांच्या वाट्याला आली ती कोरडी हवा आणि वाळलेला पडदा. शेवटी जे अडकले, ते आम्हीच अडकवले होते.

हे मी शिक्षकांच्या खोलीत सांगत होते, तेव्हा आपल्या शाळेतील सेविका मावशी चहा घेऊन आल्या होत्या. त्या खानवेलकडच्या पाड्यावरच्या. त्या म्हणाल्या, ‘बाई, खुडूक कोंबडी शेवटचे दोन-तीन दिवस अंड्यावरून उठत नाही. सगळी अंडी पोटाखाली एकाला एक लागून असतात. तेव्हा तिच्याखाली कोणी हात घालत नाही. घातला तर सासू ओरडते.’ केंब्रिजला जे प्रयोग करून सिद्ध करावे लागले, त्यातले निम्मे मावशींच्या सासूबाईंना ठाऊक होते. मी आधी विचारले असते तर!

पावसाळ्यात आम्ही पुन्हा २४ अंडी आणली. या वेळी कप्पे नाहीत, क्रमांक नाहीत. सर्व अंडी एका ट्रेमध्ये, एकमेकांना टेकून. फिरवण्याच्या पाळ्या लावल्या, पण कोणते अंडे कोणाचे हा प्रश्नच ठेवला नाही. १६ जुलैला अंडी ठेवली. ३० जुलैला, म्हणजे चौदा दिवस पूर्ण झाल्यावर, फिरवणे थांबवले, ताटलीत पाणी वाढवले आणि झाकणाला चिकटपट्टी लावून त्यावर मुलांनीच पाटी डकवली, ‘झाकण उघडू नये. मोठ्या बाईंनी सुद्धा.’ हे शेवटचे वाक्य कोणी लिहिले ते मी विचारले नाही.

सतरावा दिवस २ ऑगस्टला आला. १९५४ साली याच दिवशी सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून मुक्त झाले. त्या लढ्यात महाराष्ट्रातून आलेल्या स्वयंसेवकांचा किती मोठा वाटा होता, हे या शाळेत वेगळे सांगायला नको. झेंडावंदनाला सर्व मुले होती. आदल्या संध्याकाळी पेटीला कान लावणाऱ्यांना आतून बारीक टिकटिक ऐकू आली होती. झेंडावंदन होऊन आम्ही प्रयोगशाळेत गेलो, तेव्हा काचेआड गलका चालला होता. दुपारी बारापर्यंत १८ पिल्ले. टाळ्या अठराही पिल्लांसाठी सगळ्यांनी वाजवल्या, कारण कोणाचे कोणते हे कोणालाच ठाऊक नव्हते.

एका अंड्याला टोचा होता आणि ते थांबले होते. सारी मुले माझ्याकडे पाहू लागली. मी हात पाठीमागे बांधले. खरे सांगते, त्या दोन तासांत मला चिमटा चार वेळा आठवला. दीडच्या सुमारास ते एकोणिसावे पिल्लूही आले. उरलेल्या पाच अंड्यांतून काही आले नाही. ती आम्ही नंतर उघडून पाहिली. तीन अंड्यांत गर्भ धरलाच नव्हता, दोनमध्ये पूर्ण वाढलेली पिल्ले होती, पण ती मेलेली होती. हा हिशोब मी मुलांपासून लपवला नाही. धीर धरला की सर्व वाचतातच, असे मी त्यांना शिकवले तर ते खोटे होईल. शिवाय जुलैत हवाच दमट असते, त्याचाही फायदा झाला असणार. दोन खेपांवरून सिद्धान्त मांडू नये, हेही आम्ही वहीत लिहिले.

आणखी एक गोष्ट वहीत आहे. कधीच मदत करू नये, असा याचा अर्थ नाही. पडदा वाळून पिल्लू खरोखरच अडकले असेल, तर अनुभवी पक्षिपालक कोमट पाण्याने पडदा ओला करतात, कवचाचा एखादा तुकडा दूर करतात आणि रक्ताची खूण दिसताच तिथेच थांबतात. मदत करणाऱ्याला कुठे थांबायचे हे कळले पाहिजे. आणि निम्मी मदत त्याच्या कितीतरी आधी करायची असते, म्हणजे ऊब सांभाळणे, ओल सांभाळणे, वेळेवर फिरवणे. तेवढे केले असेल तर शेवटी सहसा हात लावावा लागत नाही.

पिल्ले दोन आठवडे शाळेत होती. पाण्याच्या झाकणीत मुलांनी गोट्या टाकल्या होत्या, कारण एवढी लहान पिल्ले उथळ पाण्यातही बुडतात. नंतर ती शेतकऱ्याकडे परत गेली. पुढे त्यांचे काय होणार, असे विचारले गेले आणि मी खरे तेच सांगितले. माद्या अंड्यांसाठी ठेवतात, बाकीचे मांसासाठी विकतात. त्यावर वर्गात जोरदार वाद झाला. काही पालकांनाही ते आवडले नाही. पण मुलांनी विचारलेल्या प्रश्नाला मी खोटे उत्तर दिले नाही, एवढे समाधान मला आहे.

आता थोडे आपल्याविषयी. पालकहो, मुलांच्या प्रकल्पवह्या तपासताना मला पुष्कळदा आपले सुंदर अक्षर दिसते. मूल अडते, रात्र होते, आपल्याला ते पाहवत नाही आणि आपण पेन हातात घेतो. मी आपल्याला नावे ठेवत नाही. माझ्या हातात चिमटा होता. शिक्षक म्हणून मीही हेच करत आले. आठवीतच एक मुलगा आहे. घरी वारली बोलतो, शाळेत मराठी. उत्तर येत असते, पण शब्द यायला वेळ लागतो. तो थांबला की वाक्य मीच पुरे करून टाकत असे. तास पुढे जायचा. मला वाटायचे, त्याची सुटका केली. इंदूरहून आलेल्या, चुकीचे शब्द बोलणाऱ्या माझ्यासारखीला या शाळेने किती वेळ दिला, हे मात्र मी विसरले होते.

यंदा एप्रिलची गोष्ट. भाताच्या रोपांसाठी शेतात राब भाजायचे दिवस होते. या मुलाने वर्गात हात वर केला. आपल्याकडे तो फारसा वर जात नाही. तो उभा राहून सांगू लागला. बांधाजवळच्या गवतात त्याला तित्तराची अंडी दिसली. त्याने हात लावला नाही. घरी येऊन आजोबांना सांगितले. आजोबांनी तेवढा कोपरा भाजायचा ठेवला. आठ-दहा दिवसांनी तो लांबूनच पाहायला गेला, तर तिथे नुसती कवचे होती, टोपण उघडल्यासारखी, आणि तित्तरीण पिल्लांना घेऊन...

तो अडला. पुढचा शब्द सापडेना. वर्ग शांत. मला शब्द माहीत होता, तो जिभेवर आला होता. मी हात पाठीमागे बांधले.

शेजारच्या बाकावरून कोणी तरी हळूच शब्द सांगितला. त्याने तो घेतला आणि वाक्य पुरे केले.

आपली,
मुख्याध्यापिका